इंजिनाची नाडी आणि कांट्याची साक्ष

स्पोर्ट्स जातीच्या जुन्या मोटारींत बसलें म्हणजे सुकाणूच्या चाकामागें दोन मोठ्या तबकड्या दिसतात. एक तबकडी गाडी तासाला किती मैल धांवत आहे तें सांगते. दुसरी सांगते तें इंजिनाबद्दल. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, मिनिटाला किती फेरे घेत आहे हें तिच्यावरील कांटा दाखवितो. ह्या दुसऱ्या यंत्राला टॅकोमीटर म्हणतात. ग्रीक भाषेंत ‘ताखोस’ म्हणजे वेग व ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. मराठींत त्याला आवर्तनमापक म्हटल्यास अर्थ बरोबर साधतो.

पन्नास-साठ वर्षांपूर्वींची अशी एखादी गाडी हौशी गृहस्थाच्या घरीं येते. इंजिन सुरू होतें, त्याचा आवाज कानांना गोड लागतो, पण आवर्तनमापकाचा कांटा शून्यावर स्वस्थ निजलेला असतो. कधीं तो जागा असतो, पण वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरतो. कधीं इंजिन संथ चालत असतां तो उंच चढून बसतो. मालक म्हणतो, तबकडींतलें यंत्र बिघडलें. कारागीर म्हणतो, दुसरें बसवूं. पुष्कळ वेळां ही गोष्ट चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यासारखी होते. कारण कांट्याला इंजिन कधींच दिसत नाहीं. त्याच्यापर्यंत पोंचतो तो इंजिनानें पाठविलेला निरोप्या. निरोप्या वाटेंत अडला तर कांटा मुका होतो. निरोप्यानें निरोप बदलला तर कांटा अगदीं प्रामाणिकपणें खोटें बोलतो. हा निरोप्या गेल्या दोनशें वर्षांत अनेकदां बदलला आहे. म्हणून ज्याला दोष शोधावयाचा असेल, त्याला आधीं ह्या यंत्राची वंशावळ ठाऊक असावी लागते.

एवढ्याशा कांट्यासाठीं इतकी यातायात कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर दट्ट्यांच्या येरझाऱ्यांत आहे. इंजिनांतील प्रत्येक दट्ट्या दर फेऱ्याला दोनदां थांबतो व दोनदां उलट फिरतो. त्याला थांबविण्याचा व पुन्हां ओढण्याचा ताण कनेक्टिंग रॉडवर पडतो, आणि हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. फेरे ३००० चे ६००० झाले तर ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. कांटा ५००० दाखवीत असून खरे फेरे ६००० असतील, तर चालक निर्धास्तपणें शेंकडा ४४ अधिक ताण इंजिनावर घालीत असतो. तबकडीवर तांबडी रेषा ओढलेली असते ती ह्याच कारणासाठीं. पण कांटाच खोटा असेल तर ती रेषा कोणाला वांचविणार? मुका कांटा गैरसोयीचा खरा, पण खोटा कांटा धोक्याचा.

ह्या यंत्राचा जन्म मोटारीसाठीं झाला नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत वाफेचीं इंजिनें गिरण्या फिरवूं लागलीं. जेम्स वॉट यानें १७८८ सालीं आपल्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. वेग वाढला कीं गोळे बाहेर फेंकले जात व वाफेची वाट आवळली जाई. वेग आवरण्याचें साधन अशा रीतीनें हातीं आलें, परंतु वेग किती आहे हें अंकांत सांगणारें सोयीचें साधन हवें होतें. तें ब्रायन डॉन्किन ह्या इंग्रज यंत्रज्ञानें केलें, आणि १८१० सालीं लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें त्याबद्दल त्याला सुवर्णपदक दिलें. अखंड पट्ट्यानें कागद तयार करणारें यंत्र व्यवहारांत आणणारा आणि डबाबंद अन्नाचा कारखाना काढणारा तो हाच डॉन्किन.

त्याची युक्ति साधी होती. ताकाच्या डेऱ्यांत रवी जोरानें फिरूं लागली म्हणजे मधला भाग खोल जातो व कडा वर चढतात, हें कोणत्याहि गृहिणीला ठाऊक आहे. डॉन्किननें फिरत्या पेल्यांत पारा घातला व त्या पाऱ्यांत एका काचेच्या नळीचें तोंड बुडविलें. नळींत रंगीत स्पिरिट होतें. पेला जोरानें फिरला कीं पारा मध्यें खचे आणि त्याबरोबर नळींतली रंगीत रेषा खालीं उतरे. म्हणजे अगदीं आरंभींच्या ह्या यंत्रांतहि वेग प्रत्यक्ष दिसत नव्हता. दिसत होता तो पाऱ्याचा खळगा, आणि त्यावरून वेगाचें अनुमान करावयाचें होतें. पुढें १८१७ मध्यें जर्मनींत डीट्रिख उलहोर्न यानें फिरत्या वजनांच्या बाहेर फेंकल्या जाण्यावर चालणारें वेगमापक केलें, आणि तशा यंत्रांचा उपयोग रेल्वेच्या इंजिनांकडेहि होऊं लागला.

मोटारीच्या कामीं आली ती मात्र निराळी कल्पना. १८२४ सालीं फ्रान्समध्यें अरागो ह्या शास्त्रज्ञाला असें आढळलें कीं, तांब्याची चकती फिरविली म्हणजे तिच्यावर टांगलेली चुंबकसूची, स्पर्श नसतांहि, तिच्यामागें ओढली जाते. तांब्याला चुंबक ओढीत नाहीं. मग हें काय गूढ? तें मायकेल फॅरडेनें १८३१ मध्यें उलगडलें. चुंबक व धातु यांपैकीं एक दुसऱ्याजवळून हललें म्हणजे धातूंत विजेचे प्रवाह उत्पन्न होतात, आणि ते प्रवाह स्वतःच चुंबकासारखे वागून ही ओढ निर्माण करतात. १९०२ सालीं स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यानें ह्या तत्त्वावर गाडीच्या वेगमापकाचें पेटंट घेतलें, आणि तीच रचना पुढें आवर्तनमापकालाहि लागू पडली.

ह्या रचनेंत इंजिनाकडून आलेली केबल तबकडीच्या मागें एक लहान चुंबक फिरविते. चुंबकावर ॲल्युमिनियमची हलकी वाटी पालथी घातलेली असते, वाटीला कांटा जोडलेला असतो, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्या कांट्याला शून्याकडे ओढीत असते. चुंबक जितका जोरानें फिरतो तितकी वाटी त्याच्यामागें ओढली जाते. चुंबकाची ओढ व स्प्रिंगची ओढ जेथें समान होतात तेथें कांटा थांबतो. चुंबक व वाटी यांची गांठ मात्र कोठेंच पडत नाहीं. त्यांच्यामध्यें अरुंद फट असते, आणि त्या फटींतच सारें मर्म आहे.

येथें निरोप्या म्हणजे केबल. पोलादी तारांचे थरावर थर गुंडाळून केलेली ही लवचिक दोरी पोकळ आवरणांत फिरत असते. तिला गति कोठून मिळते हें गाडीगाडीप्रमाणें बदलतें. १९५५ ते १९६२ पर्यंत निघालेल्या एमजीए गाडींत ती कॅमशाफ्टवरून फिरे, ट्रायम्फच्या टीआर२ मध्यें डिस्ट्रिब्यूटरपासून, तर १९४९ ते १९५३ पर्यंतच्या एमजी टीडीमध्यें डायनॅमोच्या पाठीमागून. डायनॅमो पट्ट्यानें फिरतो. पट्टा घसरूं लागला तर तबकडी निर्दोष असूनहि कांटा कमी फेरे दाखवितो, आणि त्यावर उपाय तबकडी उघडणें हा नसून पट्टा ताणणें हा असतो.

अशा गाडींत कांटा मुका असेल तर तबकडीच्या मागील नट सोडून केबल बाहेर काढावी, इंजिन संथ चालवावें व केबलचें टोंक पाहावें. टोंक फिरत नसेल, तर आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? केबल तुटलेली असते, किंवा इंजिनाकडील दांते झिजलेले असतात. टोंक फिरत असेल, तर तें चौकोनी टोंक तबकडीच्या खोबणींत पुरतें बसतें कीं नाहीं हें पाहावें. कांटा थरथरत असेल तर केबल बहुधा कोरडी पडलेली किंवा कोठें तरी फार वांकविलेली असते. ती मध्येंच अडते, पीळ घेते व एकदम सुटते. तें अडणें व सुटणेंच कांट्यावर थरथर होऊन दिसतें. अशा वेळीं ग्रीस द्यावें, पण हात राखून द्यावें, आणि वरच्या टोंकाचा थोडा भाग कोरडाच ठेवावा. जास्त झालेलें ग्रीस, आणि एमजीएसारख्या गाडींत इंजिनाचें तेलदेखील, फिरत्या केबलच्या पिळांतून वर चढतें. तें फटींत शिरलें म्हणजे जी गांठ कधींच पडूं नये ती पडते. वाटी चुंबकाला चिकटून ओढली जाते व कांटा शेवटच्या आंकड्यावर जाऊन आपटतो. प्रेमानें घातलेलें तेलच तेथें वैरी ठरतें.

कांटा स्थिर आहे पण नेहमींच कमी दाखवितो, असें असेल तर चुंबकाची शक्ति काळानें उतरलेली असण्याचा संभव असतो. नेहमींच जास्त दाखवीत असेल तर स्प्रिंगकडे संशयानें पाहावें. हे दोष मात्र खरोखर तबकडीचे. ते घरीं न उकरतां तज्ज्ञाच्या हातीं सोंपवावे.

ह्याच काळांतील दुसऱ्या एका जातीबद्दल नेहमीं गैरसमज होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें कित्येक ब्रिटिश गाड्यांत क्रोनोमेट्रिक नांवाचें यंत्र बसवीत. त्यांत चुंबक नसतो, घड्याळासारखी यंत्रणा असते. ठराविक अल्प काळांत केबलचे किती फेरे झाले तें ती मोजते, कांटा त्या अंकावर नेऊन ठेवते व लगेच पुढची मोजणी सुरू करते. त्यामुळें हा कांटा सरकत नाहीं. पावलापावलानें उड्या मारतो. नवा मालक त्या उड्या पाहून घाबरतो आणि धडधाकट यंत्र दुरुस्तीला पाठवितो. चुंबकाच्या यंत्रांत उडी हा रोग आहे, क्रोनोमेट्रिकमध्यें ती प्रकृति आहे. वंशावळ न पाहतां औषध दिलें म्हणजे असें होतें.

असो. यानंतर निरोप्याचें रूपच पालटलें, आणि तें पालटतांना एकाच गाडींत पाहावयाचें असेल तर एमजीबीचें उदाहरण घ्यावें. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यांतून ती १९६२ पासून १९८० पर्यंत निघत होती. आरंभीं तिच्यांत केबलनें फिरणारा आवर्तनमापक होता. १९६४ च्या अखेरीस तिच्या इंजिनांत क्रँकशाफ्टला तीनऐवजीं पांच बेअरिंगें आलीं, आणि त्या बदलाबरोबर केबल गेली व तिच्या जागीं विजेची तार आली.

विजेनें फेरे कसे मोजावयाचे? चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन संशोधकाची बॅटरी-ठिणगीची पद्धति १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडींत आली. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडून कॉइलमधला प्रवाह तोडावयाचा कीं ठिणगी पडते, असें तिचें तत्त्व आहे. फोर-स्ट्रोक जातीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. ३००० फेऱ्यांना मिनिटाला ६०००, म्हणजे सेकंदाला १००. इंजिनाची नाडी आपोआपच तारेंत ठोके देत होती. ते ठोके मोजण्याला स्वस्त व चिमुकलें साधन पाहिजे होतें. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला आणि तें साधन हातीं आलें. प्रत्येक ठोक्यामागें सारख्याच मापाचा विजेचा एक घोट सोडावयाचा. घोट जितके दाट, कांटा तितका वर.

स्मिथ्स कारखान्याच्या ह्या पहिल्या विजेच्या यंत्रांवर तबकडीच्या तळाशीं बारीक अक्षरांत ‘आरव्हीआय’ अशीं अक्षरें असतात. त्यांत कॉइलला वीज नेणारी पांढरी तार वाटेंत तबकडीच्या पाठीमागें वळसा घेऊन पुढें जाते. त्या वळशांतील प्रवाहाच्या चढउतारानें यंत्राला ठोका कळतो. ह्या रचनेचा एक परिणाम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ठिणगीची सारी वीज आवर्तनमापकाच्या दारावरून जात असल्यामुळें तेथील जोड गंजला किंवा निसटला तर इंजिनच बंद पडतें. पेट्रोल आहे, पंप चालतो, तरी गाडी हूं कीं चूं करीत नाहीं, आणि मोजणाराच चालणाऱ्याची वाट अडवून बसला आहे हें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं.

ह्या यंत्राला आपल्या स्वतःच्या पोटासाठीं निराळी वीज लागते. ती फ्यूजवरून येणाऱ्या हिरव्या तारेनें मिळते व काळ्या तारेनें गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला, परत जाते. म्हणून कांटा निजला असेल तर शेजारचा पेट्रोलचा कांटाहि निजला आहे काय, हें प्रथम पाहावें. दोन्ही निजले असतील तर संशय फ्यूजवर व त्याच्या गंजलेल्या पकडींवर जातो. एकटा आवर्तनमापक निजला असेल तर काळी तार घट्ट आहे कीं नाहीं हें आधीं, आणि वळसा योग्य दिशेनें घातला आहे कीं नाहीं हें मागाहून तपासावें. वळसा उलटा पडला तर यंत्राला ठोका ओळखतां येत नाहीं.

ह्यापेक्षांहि मोठा घात होतो तो ध्रुवांच्या अदलाबदलीनें. १९६७ च्या अखेरीपर्यंत एमजीबीच्या बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असे. त्या वर्षाच्या शेवटीं दुसरी आवृत्ति निघाली तेव्हांपासून ऋण टोंक जोडूं लागले. जुन्या गाड्यांचे मालक आतां नव्या धर्तीचा आल्टरनेटर किंवा रेडिओ बसविण्यासाठीं बॅटरीचीं टोंकें उलटीं करून घेतात. दिव्यांना ह्याचें सुखदुःख नसतें. परंतु आवर्तनमापकांतला ट्रान्झिस्टर एकाच दिशेचा प्रवाह ओळखतो. उलट प्रवाह सोडला कीं तो काम करीत नाहीं, आणि प्रसंगीं कायमचा जळतो. बॅटरी फिरविण्यापूर्वींच यंत्र काढून त्याच्या आंतील जोडणी बदलून घ्यावी लागते, व पांढऱ्या तारेचा वळसाहि उलट करावा लागतो. दहा मिनिटांच्या सोयीसाठीं साठ वर्षें टिकलेलें यंत्र दवडावयाचें नसेल तर हा क्रम चुकूं नये.

पुढें कांहीं वर्षांनीं एमजीबींत ‘आरव्हीसी’ जातीचें यंत्र आलें. त्यानें वळशाची पद्धति सोडली व कॉइल आणि पॉइंट यांमधील पांढऱ्या-काळ्या तारेवरून विजेच्या दाबाचा ठोका सरळ उचलला. येथें ती तार निसटली तर कांटा मुका होतो, पण गाडी चालत राहते. आज पुष्कळ मालक पॉइंट काढून त्याजागीं इलेक्ट्रॉनिक ठिणगीयंत्र बसवितात. इंजिनाला तें मानवतें, परंतु प्रवाहाचा आकार बदलल्यामुळें जुन्या आरव्हीआय यंत्राला कित्येकदां ठोका ओळखूं येत नाहीं, आणि कांटा मधूनमधून शून्यावर कोसळतो. तबकडी तीच, तार तीच. फक्त निरोप्याची भाषा बदललेली असते. शिवाय आंतील कपॅसिटर व रेझिस्टर वयानें आपलीं मापें सोडतात, आणि कांटा वर्षानुवर्षें हळूहळू सत्यापासून दूर जातो. हा दोष सर्वांत धूर्त, कारण त्याला आवाज नसतो.

मोडीच्या बाजारांतून आणलेल्या तबकडीचा धोका आणखी वेगळा. सहा सिलिंडरांच्या इंजिनांत दर फेऱ्याला तीन ठिणग्या पडतात. सहासाठीं आंखलेली तबकडी चारच्या गाडींत बसविली तर ती सत्याचा दोन-तृतीयांशच भाग सांगते. ३००० फेरे असतां २०००. दिसायला ती तंतोतंत सारखी असते, म्हणूनच फसगत होते.

मग कांटा खरें बोलतो कीं नाहीं हें ठरवावयाचें कसें? न्यायालयाप्रमाणें येथेंहि दुसरा स्वतंत्र साक्षीदार पाहिजे. परावर्ती पट्टी चिकटवून प्रकाशानें फेरे मोजणारें हातांतलें यंत्र आतां सहज मिळतें. पण त्याहून जुना साक्षीदार घरांत असण्याचा संभव आहे. १८३२ सालीं बेल्जियमच्या प्लातोनें व ऑस्ट्रियाच्या श्टाम्फरनें दाखविलें कीं, फिरती वस्तु ठराविक अंतरानें क्षणभर दिसत राहिली तर ती स्थिर भासते. भारतांत घरोघरीं येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, म्हणून जुन्या लोखंडी चोकची नळीची बत्ती सेकंदाला १०० वेळां उजळते. संध्याकाळीं, दारें सताड उघडीं ठेवून, क्रँकशाफ्टच्या पुलीवर खडूची एक ठळक रेघ ओढावी व त्या बत्तीच्या उजेडांत इंजिन चालवावें. १००० फेऱ्यांना सहा रेघा स्थिर दिसतील, १५०० ला चार, ३००० ला दोन. चार रेघा स्थिर असतांना कांटा १२०० वर असेल तर त्याची साक्ष खोटी ठरली. विजेच्या जातीच्या कित्येक यंत्रांत अशा वेळीं पाठीमागच्या लहान छिद्रांतून फिरकी फिरवून कांटा दुरुस्त करतां येतो. नव्या एलईडी दिव्याचा किंवा इलेक्ट्रॉनिक चोकचा ह्या कामीं भरंवसा धरूं नये. त्यांचें लुकलुकणें असें नियमित मिळेलच असें नाहीं. आणि एक गोष्ट कधींहि विसरूं नये: स्थिर दिसणारी पुली स्थिर नसते. हात, सैल बाही व पदर तिच्यापासून दूरच असावे.

अशा रीतीनें पाहिलें म्हणजे शोधाचा क्रम आपोआप ठरतो. आधीं यंत्राची जात ओळखावी. मग निरोप्या कोण आहे तें पाहावें. तो इंजिनापासून निघतो कीं नाहीं, वाटेंत कोठें अडतो कीं काय, पोंचल्यावर त्याची भाषा यंत्राला कळते कीं नाहीं, हें क्रमानें तपासावें. आणि हें सारें निर्दोष ठरल्यावरच तबकडीच्या कांचेला हात लावावा. वैद्य नाडी पाहतो तेव्हां मनगटाला औषध लावीत नाहीं.

दुरुस्ती पुरी झाल्यावर एक लहानसें काम उरतें. यंत्राची जात कोणती, सांगाड्याला बॅटरीचें कोणतें टोंक आहे, वळसा कोणत्या दिशेचा, आणि कोणत्या दिवशीं कांटा किती चुकीचा निघाला, एवढें चार ओळींत लिहून तो कागद गाडींतच ठेवावा. गाड्या मालकांपेक्षां अधिक जगतात. पुढच्या हातांत ती गाडी जाईल आणि कांटा पुन्हां केव्हां तरी थांबेल, तेव्हां त्या माणसाला आरंभापासून वंशावळ शोधीत बसावें लागणार नाहीं.